बोटातला एक थेंब

नमस्कार श्रोतेहो. मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. रक्त काढायचं, नळीवर नंबर घालायचा, यंत्र लावायचं आणि अहवाल पुढे पाठवायचा, एवढाच आमचा संबंध. ज्याचं रक्त त्याचं पुढे काय झालं, हे आम्हाला सहसा कळत नाही. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट नेमकी कळते, ती म्हणजे बरेच जण अहवाल न्यायला परत येतच नाहीत. खणात कागद साचत जातात.

त्या कागदांवरची बरीचशी नावं सुईने नशा करणाऱ्यांची असतात. कुणी गर्द टोचून घेतं, कुणी औषधाच्या दुकानातून आणलेलं इंजेक्शन. आज त्यांच्या तपासणीविषयी बोलणार आहे. विषय ऐकून रेडिओ बंद करू नका. घरातल्या माणसाच्या आजाराबद्दल ऐकतो तसंच ऐका. कित्येक घरांत तो घरातल्याच माणसाचा आजार आहे.

हिपॅटायटिस सी म्हणजे सी प्रकारची कावीळ, असं आपण ढोबळपणे म्हणतो. पण यात डोळे पिवळे होतीलच असं नाही, बहुतेकांचे होतच नाहीत. विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. वीसेक वर्षांत काही जणांचं यकृत आतून कडक होत जातं, त्यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात, आणि त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. तोवर माणूस जेवतो, कामाला जातो, चार लोकांत हिंडतो. दिसायला काहीच नाही. म्हणजे लक्षणं दिसण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, तपासणीशिवाय हा आजार सापडत नाही.

तो पसरतो रक्तातून. सुई एकमेकांची वापरली तर पसरतोच, पण फक्त सुईनेच नाही. पावडर विरघळवायचं झाकण, गाळायचा कापूस, सिरिंज धुवायचं पाणी, यांतूनही जातो. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्ताच्या अंशात हा विषाणू कित्येक आठवडे तग धरू शकतो. म्हणून 'मी सुई स्वतःचीच वापरतो' एवढं सांगणाऱ्याचीही तपासणी व्हायला हवी.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 साली भारतात हिपॅटायटिस सी असलेले सुमारे 55 लाख लोक होते. सुईने नशा करणारे, केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीनुसार, देशभरात साडेआठ लाखांच्या आसपास. या दुसऱ्या गटात संसर्गाचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या कितीतरी पट जास्त असतं. म्हणजे शोधायचं कुठे, हा प्रश्न अवघड नाही. अवघड आहे ते शोधण्याची पद्धत बदलणं.

बरं, औषध नाही म्हणून शोधून उपयोग नाही, असंही आता राहिलेलं नाही. विषाणूची ओळख पटली 1989 मध्ये. त्या कामासाठी आल्टर, हॉटन आणि राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं. गोळीने बरं करणारं सोफोस्बुविर 2013 मध्ये आलं तेव्हा अमेरिकेत त्याच्या एका गोळीची किंमत होती हजार डॉलर, पूर्ण कोर्स 84 हजार डॉलर. पुढच्याच वर्षी भारतातल्या कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला आणि भाव कोसळले. 28 जुलै 2018 ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हापासून सरकारी केंद्रांत तपासणीही मोफत आणि औषधही. सिऱ्हॉसिस नसेल तर सोफोस्बुविर आणि डॅक्लाटासविर, रोज, बारा आठवडे. शंभरातले पंच्याण्णवपेक्षा जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. इंजेक्शन नाही, भरती व्हावं लागत नाही. माझ्या उमेदीच्या काळात इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या सुया घेऊन तापाने फणफणणारे रुग्ण मी पाहिलेत, त्यामुळे हे सांगताना मला अजून थोडं नवल वाटतं.

मग अडतं कुठे? अडतं नसेवर.

जो माणूस वर्षानुवर्षं टोचून घेतोय, त्याच्या हाताच्या नसा बसलेल्या असतात. कोपराच्या खोबणीत बोट फिरवलं की मऊ नस लागायच्या ऐवजी दोरीसारखा कडक धागा लागतो. दंडाला पट्टा आवळा, मूठ मिटायला सांगा, गरम पाण्याची पिशवी धरा, काही उठून येत नाही. एकदा सुई घालून हलवायची, दुसऱ्यांदा मनगटाजवळ, तिसऱ्यांदा पायावर. तो माणूस शांतपणे सांगतो, 'इथे नाही मिळणार, डाव्या हाताच्या मागे बघा.' त्याचं बरोबर असतं, स्वतःच्या नसा त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. पण खोलीत तोवर कुणीतरी 'किती टोचून घेतलंय बघा याने' असं बोललेलं असतं. त्यानंतर तो पुन्हा येईल अशी अपेक्षा ठेवणारे आपणच भाबडे.

आणि रक्त तर दोनदा द्यावं लागतं. पहिली तपासणी अँटीबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनाची. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच कळतं. साधारण तिघांतल्या एकाचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणूला आपणहून हाकलून देतं, तरी अँटीबॉडी जन्मभर राहते. आज विषाणू आहे की नाही हे सांगते ती आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी. म्हणजे रक्त द्या, आठवड्याने या, परत रक्त द्या, परत अहवालाला या, मग डॉक्टरांची तारीख घ्या. ज्याचा फोन गहाण पडलाय, राहायचा पत्ता म्हणजे पुलाखालची जागा, आणि सकाळी दहाला नशा न मिळाल्यामुळे ज्याला अंगदुखीने, नाकाडोळ्याला लागलेल्या पाण्याने बसवत नाही, त्याने पाच फेऱ्या माराव्यात अशी ही योजना आहे. मी तर म्हणतो, ती निरोगी माणसालाही जमायची नाही.

यातलं बरंचसं सुधारता येतं, आणि ते फार खर्चिकही नाही.

पहिलं काम आमच्या प्रयोगशाळेनेच करायचं. अँटीबॉडी पॉझिटिव्ह दिसली की त्याच नळीतल्या उरलेल्या रक्तावर आरएनए लावायची. माणसाला परत बोलवायचंच नाही. याला रिफ्लेक्स तपासणी म्हणतात, आणि यासाठी नवं यंत्र लागत नाही, फक्त लिखित आदेश लागतो.

दुसरं, बोटातून रक्त. अँटीबॉडीची जलद चाचणी बोटाच्या एका थेंबावर वीसेक मिनिटांत होते. आरएनएसाठीसुद्धा जीनएक्स्पर्ट यंत्राचं असं कार्ट्रिज निघालंय, जे बोटातल्या रक्तावर साधारण तासाभरात उत्तर देतं. हेच यंत्र आपल्याकडे क्षयरोगासाठी जिल्ह्याजिल्ह्यात बसलेलं आहे. गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅटही क्षयासाठी पसरलेलं आहे, आणि त्यातही हिपॅटायटिस सीची चिप घालता येते. प्रश्न फक्त एवढाच, की क्षयाच्या खोलीतलं यंत्र दुपारी रिकामं असेल तर दुसऱ्या कार्यक्रमाच्या माणसाला ते वापरू द्यायचं की नाही. यावर सहीसाठी फाइल किती टेबलं फिरते, ते मी सांगत बसत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तपासणी तिथे न्यायची, जिथे हा माणूस आधीच येतो. एड्स नियंत्रण कार्यक्रमाची ओएसटी केंद्रं असतात, म्हणजे टोचायच्या नशेऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध देणारी केंद्रं. तिथे बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात आणि ती विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवतात. हा माणूस तिथे रोज येतो. मग त्याच खुर्चीत बोट टोचा, तासाभरात उत्तर द्या, आणि विषाणू निघाला तर हिपॅटायटिसची गोळीही तिथेच, त्याच वेळी, रोज समोर द्या. बारा आठवडे आपोआप पुरे होतात. इम्फाळमध्ये नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने एकाच दिवसात तपासणी आणि उपचार असं काम झालंय. पंजाबात 2016 ला 22 जिल्हा रुग्णालयं आणि 3 वैद्यकीय महाविद्यालयं एकदम हाताशी घेऊन औषध मोफत सुरू केलं, तेव्हाच दिसलं की याला मोठ्या शहरातला लिव्हरतज्ज्ञच लागतो असं नाही. सिऱ्हॉसिसचा अंदाजसुद्धा रक्ततपासणीतल्या एसजीओटी (यकृताचं एक एन्झाइम) आणि प्लेटलेट या दोन साध्या आकड्यांवरून, कागदावर गणित करून घेता येतो. महागड्या स्कॅनसाठी कुणाचा उपचार अडवून ठेवू नये.

आणि 'आधी नशा सोड, मग औषध देतो' ही अट. ती कुठल्याच शास्त्रात नाही. नशा चालू असतानाही ही औषधं तेवढीच लागू पडतात. उलट ज्याची सुई चालू आहे त्याला बरं केलं, तर त्याच्या सुईतून पुढच्या चौघांना होणारं थांबतं. बरा झाल्यावर पुन्हा लागण होऊ शकते, हे खरं. म्हणून सुई चालू असेल तोवर निदान वर्षातून एकदा तपासायचं. पण तेव्हा अँटीबॉडी करून उपयोग नाही, ती पॉझिटिव्हच येणार. थेट आरएनए करायची. हे आमच्याच काही सहकाऱ्यांना सांगावं लागतं, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

भीती पोलिसांची असते. दाराबाहेर गाडी उभी असेल तर आत कोण येईल? एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा आहे. त्यात सुई वाटणं, ओएसटी देणं यांसारखी जोखीम कमी करणारी कामं गुन्हा धरलेली नाहीत. एखाद्या ठाण्याच्या निरीक्षकाला हे माहीत असलं, तर त्या वस्तीतल्या केंद्रात गर्दी वाढते.

श्रोत्यांपैकी ज्यांना 2001 च्या आधी कधी रक्त चढवलं असेल, त्यांनीही एकदा ही तपासणी करून घ्यावी. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सी बघणं तेव्हापासून सक्तीचं झालं. आणि घरात कुणी सुईने नशा करत असेल, तर त्याला ओढत दवाखान्यात नेऊ नका. 1097 हा एड्स कार्यक्रमाचा मोफत फोन आहे, व्यसनासाठी 14446. नाव न सांगताही बोलता येतं. जवळचं ओएसटी केंद्र कुठे आहे आणि तिथे हिपॅटायटिस सीची तपासणी होते का, हे दोन प्रश्न विचारा. 'होत नाही' असं उत्तर आलं, तर जिल्हा रुग्णालयातल्या हिपॅटायटिस केंद्राची वेळ विचारून ठेवा आणि पहिल्या दिवशी सोबत जा.