धाकट्या मुलाची गादी : होहेनझोलर्न घराणे आणि माइन्त्सचे आर्चबिशपपद

मध्ययुगीन युरोपचा इतिहास म्हणजे पोप आणि सम्राट यांचा झगडा, असे आपण शाळेपासून वाचत आलो. त्यात तथ्य आहे. परंतु बिशपांच्या गाद्यांवर बसणारी माणसे बहुधा सरदार-राजघराण्यांतलीच असत, हे त्यामुळे नजरेआड होते. हा गुंता कसा होता ते दाखवण्यासाठी मी आज एकाच माणसाची हकीकत सांगणार आहे.

जर्मनीतील ब्रँडेनबुर्गचा आल्ब्रेख्ट १४९० मध्ये तिथे राज्य करणाऱ्या होहेनझोलर्न घराण्यात जन्मला. ब्रँडेनबुर्गच्या मूळ मुलुखाची वाटणी होऊ नये, तो अखंडपणे थोरल्या मुलाकडे जावा, असा नियम या घराण्याने १४७३ मध्येच घालून घेतला होता. त्यामुळे राज्य आणि इलेक्टरपद, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा हक्क देणारे पद, थोरल्या योआखिमकडे गेले आणि आल्ब्रेख्टसाठी चर्चची वाट शोधली गेली. १५१३ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो माग्डेबुर्गचा आर्चबिशप आणि हाल्बरश्टाटचा प्रशासक झाला. पुढच्याच वर्षी माइन्त्सची गादी रिकामी झाली.

माइन्त्सचे महत्त्व वेगळे होते. सम्राटाची निवड करणाऱ्या सात इलेक्टरांपैकी तिघे आर्चबिशप होते आणि त्यांत माइन्त्सचा मान पहिला. ते पद मिळाले, तर सातांपैकी दोन मते एकाच घरात येणार होती. अडचण अशी की आर्चबिशपाचे वय किमान तीस असावे आणि एकाने अनेक धर्मप्रांत सांभाळू नयेत, असे चर्चचे नियम होते. शिवाय दहा वर्षांत तीन आर्चबिशप वारल्यामुळे, प्रत्येक नव्या आर्चबिशपाच्या पदवस्त्रासाठी रोमला शुल्क भरून माइन्त्सचे कॅनन मंडळ, म्हणजे आर्चबिशप निवडणारे तिथल्या मुख्य चर्चचे धर्माधिकारी, टेकीला आले होते. तो खर्च आपण सोसू, असे आल्ब्रेख्टने सांगितले आणि निवडणूक जिंकली. वयाची व पदांची सवलत देणारा पोप दहावा लिओ हा फ्लॉरेन्सच्या लोरेन्झो मेदिचीचा दुसरा मुलगा. घराण्याच्या वजनामुळे त्याला स्वतःला तेराव्या वर्षीच कार्डिनलपद मिळाले होते.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे. धर्मगुरूंनी अविवाहित राहावे, या नियमामुळे बिशपाची गादी बापाकडून मुलाकडे जात नसे. मात्र त्यामुळे घराणी चर्चपासून दूर झाली नाहीत, उलट प्रत्येक मृत्यूनंतर तेच पद नव्याने मिळवण्यासाठी त्यांना वजन आणि पैसा पुन्हा खर्चावा लागे.

आल्ब्रेख्टने आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून सुमारे २९,००० गुल्डेनचे कर्ज काढले. ते फिटावे म्हणून पोपने त्याच्या प्रांतांत पापविमोचनपत्रे, म्हणजे पापांची शिक्षा माफ झाल्याची चर्चची पत्रे, विकण्याची परवानगी दिली. निम्मी रक्कम रोममधील सेंट पीटरच्या नव्या चर्चसाठी, निम्मी कर्जफेडीसाठी. योहान टेट्सेल हा डॉमिनिकन धर्मोपदेशक गावोगाव प्रवचने करी आणि पैशांवर लक्ष ठेवायला फुगरांची माणसे असत. ज्या गरिबांनी आपल्या मृत आईबापांच्या यातना कमी व्हाव्यात म्हणून या पत्रांसाठी पेटीत नाणे टाकले, त्यांना या कर्जाची कल्पनाही नव्हती, हे मला आजही अस्वस्थ करते.

शेजारच्या सॅक्सनीत इलेक्टर फ्रीडरिखने टेट्सेलला मज्जाव केला. त्यालाही घराण्याची एक बाजू होती : आल्ब्रेख्टच्या आधी माग्डेबुर्गची गादी फ्रीडरिखच्याच भावाकडे होती. तरी त्याची प्रजा सीमा ओलांडून पत्रे घेऊन येई, आणि ती पाहूनच विटेनबर्गचा प्राध्यापक मार्टिन लूथर व्यथित झाला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने या विक्रीवर आक्षेप घेणारे आपले ९५ सिद्धान्त पत्रासोबत पाठवले, ते आल्ब्रेख्टलाच.

आल्ब्रेख्ट पुढच्या वर्षी कार्डिनल झाला. १५२५ मध्ये त्याच नावाच्या आणि त्याच वयाच्या त्याच्या एका भाऊबंदाने, ट्यूटॉनिक धर्मयोद्ध्यांच्या प्रमुखाने, लूथरचा पंथ स्वीकारून प्रशियाच्या धर्मसंस्थानाचे वंशपरंपरागत डची, म्हणजे ड्यूकचे राज्य, केले. तसेच करावे, लग्न करावे, असे लूथरने कार्डिनललाही सुचवले होते. त्याने ते मानले नाही. १५४५ मध्ये तो वारला आणि माइन्त्सची गादी होहेनझोलर्नांच्या हातून गेली. प्रशिया मात्र १६१८ मध्ये वारसाहक्काने ब्रँडेनबुर्गच्या शाखेकडे आली, आणि १७०१ मध्ये तिच्याच नावावर हे घराणे राजपदाला पोहोचले.