गुडेरियानची तार

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती हाइन्झ गुडेरियान म्हटलं की डोळ्यासमोर रणगाडे येतात, धुरळा, ब्लिट्झक्रीग म्हणजे विजेच्या वेगाची चढाई वगैरे. मी सुरुवात करतो एका फोटोपासून. मे १९४०, फ्रान्स. गुडेरियान त्याच्या कमांड गाडीत उभा आहे, आणि खाली सिग्नलवाली पोरं बसलीयेत, पुढ्यात गुप्त संदेश तयार करायचं एनिग्मा मशीन, लांबून टाइपरायटरच वाटतं. तीन पँझर म्हणजे रणगाड्यांच्या डिव्हिजन हाताखाली असलेला हा माणूस, मागे कुठल्या बंगल्यात नकाशावर टाचण्या टोचत बसायच्या ऐवजी रस्त्यावर आहे, आणि तिथूनच सगळ्यांशी बोलतोय.

हे काही आभाळातून पडलं नव्हतं. १८८८ चा जन्म, आणि १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा घोडदळाबरोबर वायरलेस स्टेशन सांभाळत होता. म्हणजे मूळचा सिग्नलवाला! जर्मन रणगाडादल एकट्याने उभं केलं असा थाट त्याच्या आत्मचरित्रात आहे, तो थोडा कमी करून घ्या, ओस्वाल्ड लुट्झ नावाचा त्याचा साहेब होता त्याचंही श्रेय मोठं आहे. पण प्रत्येक रणगाड्यात रेडिओ पाहिजे हा हट्ट गुडेरियानचा खराच. फ्रेंचांकडे रणगाडे कमी नव्हते, चिलखतही बऱ्याचदा जाड, पण त्यांच्या बुर्जात एकटा माणूस, त्यानेच तोफ भरायची, नेम धरायचा, बाहेर बघायचं आणि वर हुकूमही द्यायचे, आणि रेडिओ बऱ्याच गाड्यांत नाहीच. जर्मन पँझर थ्रीच्या बुर्जात तिघं. कमांडरला फक्त बघायचं आणि बोलायचं काम. फरक इथे पडला.

१३ मे ला सेदानजवळ म्यूज नदी ओलांडली. गुडेरियान स्वतः होडीतून पलीकडे गेला तर काठावर बाल्क नावाचा त्याचा रेजिमेंट कमांडर उभा, आणि तो काय म्हणतो, "म्यूजवर नौकाविहाराला बंदी आहे!" आधीच्या एका सरावात गुडेरियानने स्वतःच पोरांना असं झापलेलं, ते बाल्कने त्याला परत केलं.

आता खरी गंमत. पोरं पश्चिमेकडे सुसाट सुटली, पायदळ कुठल्या कुठे मागे, वरचे साहेब घाबरले. १७ मे ला त्याचा थेट वरिष्ठ क्लाइस्टने येऊन झाडलं आणि थांब म्हणाला. गुडेरियानने तिथल्या तिथे राजीनामा टेकवला. मग लिस्ट नावाच्या वरच्या सेनापतीने मधला मार्ग काढला, हेडक्वार्टर जागेवर ठेवायचं, बाकी "जोरदार टेहळणी" करायला हरकत नाही. टेहळणी म्हणजे काय तर अख्खी कोर, म्हणजे त्याच्या हाताखालचं सगळं सैन्य! आणि मग याने केलं काय, मागच्या हेडक्वार्टरपासून स्वतःच्या पुढच्या ठिकाणापर्यंत टेलिफोनची तार ओढून घेतली. का? कारण वायरलेसवर बोललं तर आपलेच वरिष्ठ ऐकतील. रेडिओसाठी आयुष्य घालवलेला माणूस, साहेबांना चुकवायला तारेवर आला. २० मे ला त्याचे रणगाडे समुद्राला भिडले.

रशियात तेच चालू. ऑगस्ट १९४१ मध्ये मॉस्कोच पाहिजे म्हणून हिटलरला पटवायला गेला, आणि कीएव्हकडे वळायचा हुकूम मुकाट्याने घेऊन परतला. पुढे मॉस्कोच्या दक्षिणेला तूला शहराजवळ थंडीत अडकला, न विचारता मागे सरकायला लागला, ख्रिसमसच्या सुमारास घरी पाठवला.

पण हा बंडखोरपणा फक्त रणगाडे कुठे न्यायचे एवढ्यापुरताच, हे लोक विसरतात. कमिसारना, म्हणजे सोव्हिएत सैन्यातल्या राजकीय अधिकाऱ्यांना, गोळ्या घालण्याचा हुकूम आपल्यापर्यंत आलाच नाही असं त्याने नंतर लिहिलं, आणि त्याच्याच पँझर ग्रुपचे गोळ्या घातल्याचे रिपोर्ट कागदोपत्री आहेत. १९४३ मध्ये हिटलरने परत बोलावून रणगाडादलाचा इन्स्पेक्टर केलं, शिवाय व्यापलेल्या पोलंडमध्ये डायपेनहोफ नावाची इस्टेट दिली, किंमत सुमारे १२ लाख राइशमार्क. पोलिश लोकांची जमीन ती. याने घेतली. जुलै १९४४ मध्ये हिटलरला मारायचा कट फसला, त्यानंतर जनरल स्टाफचा चीफ झाला, आणि आपल्याच सहकाऱ्यांना सैन्यातून काढून फाशीच्या कोर्टाकडे सोपवणाऱ्या मंडळातही बसला. तेव्हा राजीनामा बिजीनामा काही नाही.

त्या इस्टेटीवर त्याची बायको राहायची. जानेवारी १९४५ मध्ये रेड आर्मी आली आणि तिला तिथून पळावं लागलं.