पायपेटी अंगणात, घर फोटोबाहेर

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेचा पश्चिम मुलूख म्हटलं की घोड्यावरचा एकटा गडी डोळ्यांपुढे येतो. सिनेमाची कृपा! नेब्रास्का-कॅन्ससच्या माळावर मात्र एकट्याचं काही चालत नसे. तिथं लागायचं कुटुंब, शेजार आणि सरकारी कागद.

हा कागद आला २० मे १८६२ रोजी. लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. किरकोळ शुल्क भरा, पाच वर्षं राहून जमीन कसा, १६० एकर तुमचे. अविवाहित बाई, विधवा, नागरिकत्वासाठी अर्ज केलेला परदेशीही हक्क सांगू शके. गुलामीतून सुटलेले लोकही पुढे आले. १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या अशा कुटुंबांनी कॅन्ससमध्ये निकोडिमस हे गाव वसवलं. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईच्या नावावर मात्र सहसा काही होत नसे. राबायला ती होतीच.

माळावर लाकूड नाही, मग घर कशाचं बांधणार? नांगराने गवताच्या मुळांसकट मातीचे पट्टे उलटायचे, फावड्याने तोडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून रचायचे. भिंती इतक्या जाड की उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. पाऊस थांबला तरी छत गळतच राही, वरून माती पडे, कधी साप! म्हणून बायका छताखाली कापड ताणून बांधत. चुलीत रानगोवऱ्या, बायसनच्या.

सॉलोमन बुचर नावाचा छायाचित्रकार १८८६पासून नेब्रास्कातल्या कस्टर परगण्यात घरोघर फिरून फोटो काढत होता. एका बाईंना आपलं मातीचं घर पूर्वेकडच्या नातलगांना दाखवायचं नव्हतं. त्यांनी पायपेटी ओढून अंगणात आणवली आणि सगळं कुटुंब तिच्याभोवती उभं केलं. त्या काळाचे मोठमोठे ग्रंथ एकीकडे आणि हा एक फोटो एकीकडे, असं मला वाटतं.

सगळेच टिकले नाहीत. १८७४ची टोळधाड उभी पिकं खाऊन गेली. १२ जानेवारी १८८८च्या हिमवादळात शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुलं वाटेतच गेली. अनेकांनी पाच वर्षं भरण्याआधीच गाशा गुंडाळला.

आणि ही जमीन रिकामी नव्हती बरं का. नेब्रास्कात पॉनी या मूळ रहिवासी जमातीचे लोक पिढ्यान् पिढ्या मका पिकवत होते. १८७०च्या दशकात त्यांना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आलं. १८९३ मध्ये तिथलीही त्यांची ‘शिल्लक’ ठरवलेली जमीन नव्या वसाहतवाल्यांना खुली झाली.