डोक्यावरची रेघ

नमस्कार श्रोतेहो. परवा भाचा आला. हिंजवडीत नोकरी, पगार चांगला. पोह्यांची बशी हातात धरून विचारतो, "आत्या, कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करू का?"

पैशाचं आधी उरकते. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000, घरभाडं वेगळं. पीएचडीची मुदत किमान 3 वर्षं. किमान, बरं का, किमान! असिस्टंट प्रोफेसर व्हायला 2023 पासून नेट किंवा राज्याची सेट परीक्षा पुरते. म्हणजे तेवढ्यासाठी पीएचडी नको. दारावरच्या पाटीसाठी तर नकोच. आमच्या सोसायटीत पाट्यांवर इतके 'डॉ.' आहेत, पण रात्री ताप चढला की एकाचा उपयोग नाही. संशोधनाचीच नोकरी हवी असेल तर गोष्ट वेगळी. सी-डॅक या सरकारी संस्थेने 'परम 8000' हा सुपरकॉम्प्युटर 1991 साली उभा केला तो आपल्या पुण्यातच. तसल्या कामात पीएचडीला वजन आहे.

मग त्याला माझी गोष्ट सांगितली.

माझा विषय होता छापील मराठी कॉम्प्युटरला वाचायला शिकवणं. जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करायची. प्रोग्राम बाकी सगळं वाची, पण 'भाऊ'चं 'माऊ' करी, 'धन'चं 'घन'. आठ महिने, श्रोतेहो, आठ महिने! गाईड म्हणाले, "अजून नमुने आणा." आणले. तरी माऊच.

एका रात्री जेवणाच्या टेबलावर प्रिंटआउट पसरून बसले होते. सासूबाई प्राथमिक शाळेतल्या निवृत्त बाई. लसूण सोलता सोलता त्यांनी एक कागद उचलला, कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "अगं, भ आणि धच्या डोक्यावरची रेघ तोडायची असते. तुझी सलग कशी?"

मी बघतच राहिले. जुन्या छपाईत शिरोरेषा तुटक येते, म्हणून तुटक्या रेघा सांधणारी एक पायरी पहिल्याच महिन्यात मी स्वतः लिहिली होती. ती इमानेइतबारे भचीही फट बुजवत होती. भचा म, धचा घ. प्रोग्राम बिचारा समोर दिसेल तेच वाचत होता!

प्रबंधात या आठ महिन्यांना चार ओळी मिळाल्या. पण त्या रात्री आनंदाने मला झोप आली नाही. असल्या माऊपायी चिडूनही ज्याला सोडवत नाही, त्याने खुशाल पीएचडी करावी.

भाचा म्हणाला, "आत्या, आजींना आधीच विचारलं असतंस तर आठ महिने वाचले असते."

मी म्हटलं, "तू हिंजवडीच बघ."