अमातितानची मुरलेली टकीला

[दृश्य: निळसर अगावेची शेतं]

मेक्सिकोचं हलिस्को राज्य. ग्वादलाहारा शहरापासून पश्चिमेला अमातितान नावाचं गाव आहे. आपल्याकडे बांधावर घायपात दिसतं, त्याच कुळातली ही निळी अगावे. टकीला ही दारू हिच्यापासूनच बनते. काढणीला यायला सहा-सात वर्षं लागतात. मग हिमादोर, म्हणजे ही काढणी करणारा कसबी कामगार, कोआ घेऊन उतरतो. लांब दांडा, पुढे गोल धारदार पातं. पानं सपासप छाटत तो गड्डा मोकळा करतो. पानांचे हिरवे बुडखे जास्त राहिले, तर कडवटपणा थेट दारूत उतरतो.

[दृश्य: जुना कारखाना]

इथल्या सान होसे देल रेफुहिओ या जुन्या वाड्यात 1870 पासून ‘हेरादुरा’ टकीला बनते. जुना कारखाना 1963 पर्यंत चालला आणि सुदैवाने तो पाडला नाही. आत ताओना आहे, भलंमोठं दगडी चाक. शिजलेले गड्डे त्याखाली चिरडायचे आणि रस आंबवायचा. आंबवण्यासाठी बाहेरून यीस्ट घालत नाहीत. आवारातल्या फळझाडांवरून हवेत येतं तेवढंच पुरतं. दोनदा ऊर्ध्वपातन झालं की हाती येते पाण्यासारखी नितळ ब्लांको, म्हणजे न मुरवलेली टकीला.

[दृश्य: ओकच्या पिंपांची रांग]

पुढचं काम लाकडाचं. आतून जाळलेल्या अमेरिकन पांढऱ्या ओकच्या पिंपांत ती मुरते. कायद्याने रेपोसादोला, म्हणजे थोडी मुरलेल्या टकीलाला, दोन महिने पुरतात, हेरादुरा मात्र ती अकरा महिने ठेवते. 1974 साली याच घराण्याने रेपोसादो बाजारात आणली. आन्येहोला, म्हणजे त्याहून जास्त मुरलेल्या टकीलाला, किमान एक वर्ष लागतं, तेही सहाशे लिटरपेक्षा मोठ्या पिंपात चालत नाही. तीन वर्षांपुढची एक्स्ट्रा आन्येहो ही श्रेणी 2006 मध्ये आली.

जितकी जुनी तितकी चांगली, हे इथे मला पटत नाही. पिंपात फार काळ राहिली की व्हॅनिला आणि ओकचाच वास उरतो, भाजलेल्या अगावेचा गोडसर, मातकट वास दबतो. सहा-सात वर्षं शेतात घालवून जे मिळवलं, तेच हरवलं तर मुरवण्याला काय अर्थ? रेपोसादोत दोन्ही वास एकत्र लागतात, म्हणून मला ती सर्वांत प्रामाणिक वाटते.

रंगावर विसंबू नका. मुरवलेल्या टकीलात थोडा कॅरमेल रंग घालायला नियमांची परवानगी आहे. त्याऐवजी लेबलवर ‘100 टक्के अगावे’ शोधा. ते नसेल, तर निम्म्याच्या जवळपास साखर दुसरीकडून आलेली असू शकते.