गाऱ्हाण्यातला क्रम

नमस्कार श्रोतेहो.

पूर्वजांचं गाव शोधत परदेशातून येणारी माणसं आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आता अधूनमधून दिसतात. मला मोडी वाचता येतं, म्हणून त्यांतली काही माझ्याकडे पाठवली जातात. 2025 च्या शिमग्यात मॉरिशसहून असंच एक जोडपं आलं होतं. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

1834 ते 1920 या काळात हिंदुस्थानातून सुमारे पाच लाख माणसं करारावर मॉरिशसला गेली, मुख्यतः उसाच्या मळ्यांत राबायला. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून. मुंबई बंदरातून गेलेली त्या मानानं थोडी, पण त्यांत कोकणातली पुष्कळ. पोर्ट लुईला ती जिथं उतरली, त्या अप्रवासी घाटाला 2006 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि वहीत नोंद होई: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जहाज, जिल्हा, गाव. ही दफ्तरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथला उतारा घेऊनच ही दोघं आली होती.

उताऱ्यावर गाव आहे म्हटल्यावर काम झालं, असं कुणालाही वाटेल. पण गोरा साहेब किंवा त्याचा कारकून कानावर पडेल ते इंग्रजीत लिहून मोकळा होई. शिवाय ‘जिल्हा रत्नागिरी’ म्हणजे नेमका कुठला भाग? 1981 पर्यंत मालवण, देवगडसुद्धा याच जिल्ह्यात. यांतल्या नवऱ्याच्या पूर्वजाच्या उताऱ्यावरचं गाव दोन ठिकाणी बसत होतं, एक संगमेश्वर तालुक्यात आणि दुसरं लांज्याच्या अंगाला. नावं मुद्दाम सांगत नाही, गावकऱ्यांची तशी इच्छा नाही. आणि बापाचं नाव काय, तर बाबाजी! त्या काळी कोकणातल्या कुठल्याही वाडीत हाक मारली असती, तर दोन-चार बाबाजी ओ देत बाहेर आले असते.

आता योगायोग बघा. 12 मार्च हा मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन. त्या सुट्टीला जोडून त्यांनी रजा काढली होती. त्या वर्षी होळी आली 13 मार्चला. होळी त्यांना ठाऊक होती, पण आपला शिमगा, पालख्या, यांतलं काहीच माहीत नव्हतं. एरवी आले असते तर वाडीतल्या निम्म्या दारांना कुलपं दिसली असती. शिमग्याला चाकरमानी झाडून गावात.

आम्ही आधी संगमेश्वराकडच्या गावात गेलो. एका अंगणात पालखी टेकली होती. सारवलेलं खळं, कडेला चपलांचा ढीग, बायका ओटीची ताटं घेऊन उभ्या. मानकऱ्यांनी पाहुण्याला पुढं घेतलं आणि म्हणाले, देवाला काय सांगायचं ते सांगा. गडी गोंधळला. मराठी तो शाळेत शिकलेला, पुस्तकी बोलायचा. पण हात जोडले आणि त्याच्या तोंडून आजीनं गणपतीपुढे म्हणायला शिकवलेलं गाऱ्हाणं, म्हणजे देवांना नावानं हाक मारत केलेली विनवणी, बाहेर पडलं: ‘बा केदारा, पावणाई, वाघजाई, गांगो, चव्हाट्याच्या धन्या...’ त्याला ते सगळं मिळून एकाच देवाचं लांबलचक नाव वाटायचं, हे त्यानं मला नंतर सांगितलं.

ओटी भरायला आलेली एक म्हातारी तिथंच थबकली. ‘अवो पावनं, ह्यो क्रम हितला न्हाय. हितं पयली वाघजाई. केदारामागं पावणाई, ही आमच्या म्हायारची रीत.’

तिचं माहेर लांज्याकडचं, तेच दुसरं गाव. ती एरवी नालासोपाऱ्याला लेकाकडं असते.

गावातल्या देवतांचा क्रम म्हणजे मानापानाचा मामला. तो सहसा कुणी बदलत नाही, बदलू देत नाही. कारकुनाच्या स्पेलिंगपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

दुसऱ्या दिवशी लांज्याकडं गेलो. गुरवाचं गाऱ्हाणं त्याच क्रमानं निघालं, पाहुण्याचे डोळे भरून आले. एका घरातून खोताला दिलेल्या खंडाची मोडी पावती माझ्यासमोर आली, तिच्यावर बाबाजी हे नाव होतं. पण साल उताऱ्याशी जुळत नव्हतं, चांगला वीस वर्षांचा फरक. मी तसं स्पष्ट बोललो. माझं ऐकतंय कोण! गावानं तोवर नातं ठरवून टाकलं होतं, पाहुण्याच्या खांद्यावर पालखी दिली होती, आणि त्याला चुलता म्हणणारी पोरं त्याच्यासोबत फोटो काढत होती. गाव नक्की सापडलं, असं मी म्हणेन. घर सापडलं, असं अजून म्हणणार नाही. त्या घरच्या मोठ्या काकांकडं लालबागला एक जुनी वही आहे म्हणतात. ती बघायची राहिली आहे.

राहिल्या त्या बाईसाहेब. त्यांच्या खापरपणजीच्या उताऱ्यावर गावाच्या रकान्यात नुसतं ‘बॉम्बे’ लिहिलं आहे. कागद तिथंच संपतो. पण गाऱ्हाणं त्यांच्याही माहेरी आहे. ते मी लिहून घेतलं आणि आज मुद्दाम इथं आणलं. क्रम असा: आधी सोमजाई, मग भैरी, मग महामाय, मग जाकादेवी, आणि शेवटी ‘वेशीवरला म्हारसाब’. हळू सांगतो, लिहून घ्या: सोमजाई, भैरी, महामाय, जाकादेवी, वेशीवरला म्हारसाब. तुमच्या गावात देवाला याच क्रमानं हाक मारत असतील, तर आकाशवाणीच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. गावाचं नाव आणि तालुका लिहायला विसरू नका.

नमस्कार.