टिन जाड घेतली तं घर थंड राहते का? गणित करूनच पाहू

राम राम मंडळी. आवाज येऊन रायला नं बरोबर? मधामधात वरून तडतड ऐकू येईल, ती आमची टिन आहे, उन्हानं फुगते अन् खिळ्यापाशी तडतडते, त्याला माझ्याकडे इलाज नाही. अन् खरं सांगू का, आजचा व्हिडिओ तिच्यावरच आहे.

झालं असं की मागच्या साली आमच्या घरावरचे कवेलू, म्हणजे मातीची कौलं, काढले. वांदरं नाचून नाचून फोडून टाकत, पावसाळ्याआधी शाकारायला माणूस भेटत नाही, भेटला तं त्याची मजुरी ऐकून आपणच वर चढावं वाटते. म्हणून बाबांनी टिना टाकल्या. आता दुकानदार काय म्हणाला, की पातळ पत्रा लवकर तापते, थोडी जाड घ्या, घर थंड राहीन. बाबांनी 0.35 एमएमची सोडून 0.50 एमएमची घेतली, पैसे जास्त देऊन. अन् आता नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, लागला तं आबाजी रोज दुपारी खाटेवर बसून एकच विचारतात, पोरा तू इंजिनिअर झाला नं, मंग सांग, जाड टिन असून घराची भट्टी काहून झाली?

प्रश्न बरोबर आहे राजेहो. डिप्लोमा नाहीतर बीई मेकॅनिकलवाले जे पोट्टे हा व्हिडिओ पाहून रायले, त्यांनी वही काढा, कारण हा हीट ट्रान्सफरच्या पहिल्या युनिटचाच प्रश्न आहे, फक्त पुस्तकात फर्नेसची भिंत असते अन् इथं आपलं छत.

पहिले कंडक्शन. शाळेत त्याला वहन म्हणत होते. कढईत स्टीलचा सराटा विसरला की त्याची दांडी चटका देते, तेच. याचा हिशोब फोरिए नावाच्या फ्रेंच माणसानं बसवला, त्याचं पुस्तक 1822 चं आहे. हा बुवा नेपोलियनसोबत इजिप्तला जाऊन आला होता, अन् म्हणतात की त्याच्यानंतर त्याला गरमीचं असं वेड लागलं की घरातही अंगावर कपड्यांचे थर चढवून बसायचा. त्याला मे महिन्यात इकडे आणायला पाहिजे होतं. असो. त्याचा नियम एवढाच आहे की उष्णता किती वाहीन, तं के गुणिले एरिया गुणिले दोन बाजूंच्या टेम्परेचरमधला फरक, भागिले जाडी. के म्हणजे त्या वस्तूची थर्मल कंडक्टिव्हिटी, ती उष्णता किती सहज वाहू देते तो आकडा. तांब्याची 400 च्या आसपास, साध्या लोखंडाची 50 धरा, विटेची 0.7, अन् थांबलेल्या हवेची 0.026. हवेचा आकडा ध्यानात ठेवा, सगळी गंमत तिथंच आहे.

आता टिनेवर लावू. खोली 10 बाय 12 फुटाची, म्हणजे 120 स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण 11 स्क्वेअर मीटर. (कॅमेरा वर, टिनेकडे.) ही टिन मी काल दुपारी दोन वाजता मोजली, इन्फ्रारेड गननं, कोरोनात कपाळावर धरत होते ती नाही, कारखान्यात वापरतात ती. इथं एक सांगून ठेवतो, चमकत्या पत्र्यावर ही गन सरळ सरळ खोटं बोलते, कमी दाखवते, कारण चकचकीत धातू स्वतःची किरणं कमी फेकते अन् आजूबाजूची जास्त परतवते. म्हणून मी टिनेवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, पाच मिनिटं तापू दिली अन् टेपेवर गन धरली. 65 डिग्री. खोलीतली हवा 40. फरक 25.

टाका फॉर्म्युल्यात. 50 गुणिले 25 भागिले 0.0005 मीटर. किती आलं? 25 लाख वॉट, एका स्क्वेअर मीटरमागे! अकरानं गुणा, 2 कोटी 75 लाख वॉट, म्हणजे 27.5 मेगावॉट. चंद्रपूरचं मोठं थर्मल पॉवर स्टेशन 2920 मेगावॉटचं आहे. म्हणजे आमच्यासारख्या एकशेसहा घरांच्या टिना जमवल्या की चंद्रपूरचं स्टेशन बंद करून टाका, कोळसाच नको.

हसू नका, असंच उत्तर मी सेकंड इयरला परीक्षेत लिहून आलो होतो, खाली दोनदा रेघ मारून. अन् स्टेप मार्किंगमध्ये त्याचे मार्कही भेटले, ते जास्त वाईट. कारण मंग दोन वर्ष मला वाटत होतं की आपल्याला हा विषय येते.

चूक कुठं झाली? 65 हे टिनेचं टेम्परेचर आहे अन् 40 हे हवेचं. फोरिएच्या नियमात दोन्ही टेम्परेचर टिनेच्याच दोन बाजूंचे पाहिजे, वरची बाजू अन् खालची बाजू. मी टिनेच्या खालच्या बाजूला डायरेक्ट 40 धरलं, म्हणजे टिनेखालची हवा मी गिळून टाकली.

अन् खरा अडथळा तीच हवा आहे. इथं येते कन्व्हेक्शन, शाळेतलं अभिसरण. तापलेल्या वस्तूला लागून हवेचा एक पातळ थर असते, जवळपास चिकटलेला, त्याच्यातून उष्णता मोठ्या मुश्किलीनं पुढं सरकते. याचा हिशोब साधा, एच गुणिले एरिया गुणिले टेम्परेचरमधला फरक. एच म्हणजे पृष्ठभागावरून हवेत उष्णता किती सहज जाते तो आकडा. न्यूटनच्या नावानं ओळखतात हा नियम, त्यानं 1701 मध्ये थंड होण्यावर लेख छापला होता, तोही नाव न टाकता. पण एच हा के सारखा तक्त्यात पाहून उचलायचा आकडा नाही हो, इथंच पोट्टे मार खातात. के त्या वस्तूचा गुण आहे, एच परिस्थितीचा. हवा थांबली आहे का वाहते, पृष्ठभाग उभा आहे का आडवा, गरम बाजू वर आहे का खाली, सगळ्यानं बदलते. अंदाज म्हणून, आपोआप फिरणाऱ्या हवेत 2 ते 25, पंख्याच्या नाहीतर वाऱ्याच्या हवेत 25 ते 250, पाण्यात तं शेकड्यात-हजारात जाते. नीट काढायचा असन तं नसेल्ट नंबर लागते, एच काढायच्या सूत्रातला आकडा, त्याचा वेगळा व्हिडिओ करतो, आज काढला तं आबाजी झोपून जातील.

आपल्या छताखाली किती धरायचा? गरम टिन वर, हवा खाली. गरम हवा हलकी, ती वरच थांबते, टिनेलाच चिकटून बसते, खाली यायला मागत नाही. त्याच्यानं हवेचा खरा एच लय कमी, एक-दीडच्या आसपास. पण टिन खाली किरणंही फेकते, रेडिएशन, ज्यानं टाळू तापते आपली, ते धरून सगळा मिळून 6 धरू. हा अंदाज आहे, कोणी 5 धरला, कोणी 8 धरला तरी भांडू नका.

आता दोन्ही अडथळे एकामागं एक मांडा. टिनेचा अडथळा म्हणजे जाडी भागिले के, 0.0005 भागिले 50, आलं 0.00001. हवेचा अडथळा म्हणजे एक भागिले एच, एक भागिले 6, आलं 0.167. पाहा नं दोघांकडे! हवेचा अडथळा टिनेच्या सोळा हजार पट आहे. बेरीज करा, 0.167 च येते, टिन त्याच्यात दिसतही नाही. 25 भागिले 0.167, म्हणजे 150 वॉट स्क्वेअर मीटरमागे, गुणिले 11, 1650 वॉट. पाणी तापवायची जी रॉड असते नं बादलीत टाकायची, 1500 वॉटची, तशी एक रॉड दुपारभर डोक्यावर लटकवून ठेवली समजा. हे उत्तर पटते. टिनेच्या वरच्या अन् खालच्या बाजूत फरक किती? 150 गुणिले 0.00001, म्हणजे 0.0015 डिग्री. तेवढा मोजायला माझी गनही पुरत नाही.

आता दुकानदाराकडं या. टिन 0.35 ची असती तं तिचा अडथळा 0.000007 असता, 0.50 ची घेतली तं 0.00001. वावरात जायचा रस्ता आठवा, पंधरा किलोमीटर डांबरी अन् शेवटचा एक किलोमीटर पांदण, पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते तसली. तुम्ही डांबरी रस्ता चारपदरी करा नाहीतर एकपदरी, वावरात पोचायला तेवढाच वेळ लागते, कारण वेळ पांदणीत जाते. टिन म्हणजे तो डांबरी रस्ता. जाड टिनेचा फायदा आहे, अवकाळीच्या वादळात उडत नाही, वांदरानं चेपत नाही, त्याच्यासाठी जरूर घ्या. गरमीसाठी घेतली असन तं पैसे टिनेत गेले, आमच्यासारखे.

बाबा मागून पाहून रायले, थोडं हळू बोलतो.

मंग 65 आले कुठून? तेही काढता येते. दुपारी ऊन छतावर साधारण 900 वॉट पडते स्क्वेअर मीटरमागे, धूळ बसलेली टिन त्यातलं 70 टक्के पिते समजा, म्हणजे 630. हे 630 जाणार कुठं? काही वर बाहेर 44 डिग्रीच्या हवेत, तिथं वारा आहे म्हणून एच 20 धरू, अन् काही खाली आपल्या बोकांडी, एच 6. टिनेचं टेम्परेचर टी म्हणा. 20 गुणिले (टी वजा 44), अधिक 6 गुणिले (टी वजा 40), बरोबर 630. सोडवा, टी येते 67 च्या वर थोडं. गन म्हणाली 65, कागद म्हणते 67. एवढे अंदाज धरूनही दोन डिग्रीचाच फरक, मला तं लय भारी वाटलं.

अन् हे समीकरण हातात आलं की उपाय विकत घ्यायच्या आधी कागदावर तपासता येतात. आबाजी म्हणतात कवेलू थंड होते. हाव, होते. पण मातीच्या कवेलूचा अडथळा काढाल तं दीड सेंटिमीटर भागिले 0.8, 0.02 च्या आत, तोही काही मोठा नाही. थंडावा कवेलूच्या मातीत नव्हता, तो फटीत होता, गरम हवा तिथून निघून जायची, अन् खाली तट्ट्याचा, म्हणजे बांबूच्या चटईचा, माळा होता, त्याच्यावर कुटार, म्हणजे भुसा, पडून राहायचं. आपण कवेलूसोबत माळाही काढला. दहा सेंटिमीटर कुटाराचा के 0.06 धरा, अडथळा 1.67, हवेच्या दहा पट! समीकरणात टाकलं तं खाली येणारी उष्णता 1800 वरून (टिन 65 च्या जागी कागदावरची 67 धरली की 1650 ची 1800 होते) 200 वॉटवर येते. गंमत पाहा, टिन स्वतः मात्र 67 ची जवळपास 75 होते, जास्त तापते, कारण तिची खालची वाट बंद केली. हात लावून पाहणारा म्हणीन टिन तं आणखीनच गरम झाली. म्हणून फक्त हात लावून ठरवू नका. पण कुटारात उंदीर होतात, उंदरामागं काय येते ते खेड्यात सांगायची गरज नाही, अन् घरात चूल असन तं आगीचं भेव आहेच. थर्माकोलचंही तेच, एक इंच लावलं तं 420 वॉटच येते खाली, पण आग धरते, चुलीच्या खोलीत लावू नका.

मातीच्या भिंतीचं गणित याच्यात बसत नाही हे आताच सांगतो, कमेंटमध्ये कोणीतरी विचारीनच. आपण धरलं की सगळं स्थिर झालं आहे, स्टेडी स्टेट. दीड फुटाची मातीची भिंत कधी स्थिर होतच नाही, दुपारची तपन आत पोचायला बारा-चौदा तास घेते, तोपर्यंत रात्र होऊन जाते. टिन दोन मिनिटांत तापते अन् दोन मिनिटांत निवते, म्हणून तिला हे साधं गणित चालते.

पंख्याचं मात्र सांगतोच. छताचा पंखा लावला की टिनेला चिकटलेली गरम हवा उखडून खाली येते, एच 6 चा 10 होतो समजा, तं समीकरणात टिन 67 ची 64 होते अन् खोलीत येणारी उष्णता 1800 ची 2600 वॉट होते. पंख्यानं टिन थंड केली, आपल्याला तापवून! तरी बरं वाटते ते घामामुळं, घाम उडते म्हणून. चामडी 35 डिग्रीची अन् हवा 40 ची, म्हणजे घाम सुकला की तोच पंखा आग ओकते. माय म्हणते नं, पंख्यापेक्षा बाहेर निंबाखाली बसा, ती बरोबर म्हणते. टेबल फॅन खाली ठेवून अंगावर घेतला तं टिनेजवळची हवा कमी हलते, कुलर असन तं खिडकीतून, अन् समोरचं दार थोडं उघडं.

आम्ही शेवटी चुना लावला. कागदावर असं होतं की चुन्यानं टिन 70 टक्क्यांच्या जागी 30 टक्केच ऊन पिते, मंग 630 च्या जागी 270, टिन 53 च्या वर थोडी, अन् खाली येणारी उष्णता 890 वॉट, म्हणजे अर्धी. खर्च सगळ्यात कमी. चुना भिजवताना डोळ्यापासून दूर राहा, त्यात थोडा फेविकॉल टाकला की पत्र्याला धरून राहते, तरी पहिल्या पावसात जाईन, जाऊ द्या, तेव्हा गरजही नसते. आज दुपारी दोनलाच टेप लावून मोजलं, 56 आलं. कागदापेक्षा अडीच डिग्री जास्त, कारण मी हात एकच मारला, मधातून पत्रा दिसून रायला.

घमेल्यात चुना उरला आहे अर्धा. ढोराच्या कोठ्यावरही टिनच आहे, ऊन उतरलं की तिकडं चढतो.